पहिल्या दिवशी स्वागत नेमकं कोणाचं होतं? (माध्यमिक शाळा, कल्पना हव्यात)

खडूवाली
नमस्कार मंडळी. माध्यमिक शाळेत शिकवते, यंदा आठवीची वर्गशिक्षिका. शाळा उघडायला अकरा दिवस राहिलेत आणि कालच्या मीटिंगमध्ये पहिल्या दिवसाचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडलाय. (मी गप्प बसले होते. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, हे एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.)

आमचा साचा ठरलेला आहे. सगळी शाळा मैदानात उभी, प्रास्ताविक, मुख्याध्यापकांचं भाषण, शिस्तीच्या सूचना, मागच्या वर्षीच्या गुणवंतांचा सत्कार, आभार. दीड तास सहज जातो. मग वर्गात हजेरी, वेळापत्रक उतरवून घ्या, वह्यांची यादी लिहा, की घंटा.

मागच्या वर्षी मी मागे उभी होते. एक मुलगा आला, दुसऱ्या शाळेतून आलेला, म्हणाला टीचर मी कुठल्या रांगेत उभं राहू. त्याची तुकडी ठरायची होती, यादीत नाव नव्हतं, मी म्हणलं आत्ता इथेच थांब. तो दीड तास दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा होता, दप्तर पाठीवरच, खाली ठेवलंच नाही त्याने. आणि माईकवरून चाललेलं, "सर्व नवीन विद्यार्थ्यांचं हार्दिक स्वागत". मला त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

तर सांगा, तुम्ही काय कराल? पैसे शून्य, वेळ तेवढाच. मुख्याध्यापक ऐकून घेतात पण भाषण काढा असं सांगायची माझी टाप नाही.

मागचा_बाक
भाषण दहा मिनिटं आणि सावलीत. बाकी काही केलं नाही तरी पोरं दुवा देतील.

दोघांची_आई
पालक म्हणून लिहिते. आम्हाला भाषण नकोच असतं हो, आम्हाला हवं असतं पहिल्या दिवशी शाळा किती वाजता सुटणार, कुठल्या गेटने सोडणार आणि काही झालं तर फोन कोणाला करायचा. या तीन गोष्टी आदल्या दिवसापर्यंत कळत नाहीत आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत "कोणाला माहितीये का" सुरू असतं, आणि शेवटी ज्याला माहीत नाही तोच ठामपणे उत्तर देतो.

दुसरं. माझी मोठी प्राथमिकमधून माध्यमिकला गेली तेव्हा मला वाटत होतं हिला गणिताची भीती वाटत असणार, नवीन विषय वगैरे. एक दिवस निवांत बसून विचारलं तर म्हणे मुलींचं टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे, आणि तासाच्या मधे जाऊ देतात का. आणि प्रयोगशाळेत जाताना वाट चुकले तर वर्ग सुरू झाल्यावर दार वाजवायचं का तसंच परत यायचं. एवढंच. आठ दिवस हे मनात घेऊन फिरत होती.

आधी एक बाई होत्या ज्यांना हिचं सगळं माहीत होतं, कधी रडू येतं तेही. आता सात-आठ शिक्षक, प्रत्येकाच्या समोर दिवसभरात शंभर-दीडशे तोंडं. मुलांना हा फरक फार जाणवतो, आपण नुसतं "आता तू मोठी झालीस" म्हणून मोकळे होतो.

जुनाजाणता
निवृत्त मुख्याध्यापक आहे, तेव्हा भाषणाची बाजू मांडायला कोणीतरी हवं म्हणून लिहितो. :)

सगळी शाळा एकत्र उभी राहणं याला अर्थ आहे. वर्षभरात पाचवीचं पोर आणि दहावीचं पोर एका जागी, एका वेळी, एकाच गोष्टीकडे बघतंय असं फार कमी वेळा घडतं. ते काढून टाकू नका. पण मी जी भाषणं केली ती आठवली की आता कान लाल होतात. मी उभा राहायचो मुलांसमोर आणि बोलायचो पहिल्या रांगेतल्या संस्थाचालकांशी. निकाल किती टक्के, इमारतीचं काम कुठवर आलं, यात मुलांना काय रस? आणि मग "तुम्ही देशाचं भविष्य आहात". पोरगं बिचारं शूज चावतोय म्हणून एका पायावर उभं.

शेवटच्या काही वर्षांत मी बदललं. एकतर सत्कार पहिल्या दिवशीचा काढला, पंधरा दिवसांनी केला. कारण सोपं आहे. पहिला दिवस हा एकच दिवस असतो की जेव्हा वर्गात पहिला आलेला आणि काठावर पास झालेला यांची वही सारखीच कोरी असते. त्याच दिवशी बारा जणांना स्टेजवर बोलावलं की उरलेल्या आठशेंना सांगितलं जातं, तुमची जागा मैदानातच.

दुसरं, भाषणाऐवजी गेटवर उभा राहू लागलो. सुरुवातीला पोरं दचकायची, मुख्याध्यापक गेटवर म्हणजे कोणालातरी पकडायला आलेत असा समज. आठवडाभरात सवय झाली. भाषण उरलं सहा-सात मिनिटांचं, आणि त्यात मी फक्त शाळेत काय बदललंय ते सांगायचो. नवीन कोण आलं, कुठला जिना बंद आहे, लायब्ररीची वेळ काय.

खडूवाली ताई, तुमच्या सरांना "भाषण काढा" म्हणू नका, "सर तुम्ही गेटवर उभे राहिलात तर मुलांना फार बरं वाटेल" म्हणा. आमच्या जमातीला हे चालतं.

खडूवाली
हाहाहा सर, हे सोमवारी वापरणार.

घासून_पुसून
मला कळत नाही एवढं कौतुक कशाला. आमच्या वेळी पहिल्या दिवशी कोणी विचारत नव्हतं, गेलो, बसलो, शिकलो. आता गेटवर स्वागत, दारात स्वागत, उद्या पायघड्या घाला. मुलं नाजूक होतात अशाने.

आकडेमोड
@घासून_पुसून लाड आणि स्वागत वेगळं. दारात उभं राहण्यावर रीतसर अभ्यास झालाय. क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांचा, २०१८ साली छापून आला, अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या १० वर्गांवर. शिक्षकाने तास सुरू होण्याआधी दारात थांबायचं, प्रत्येकाला नावाने हाक मारायची, हात मिळवा किंवा नुसती मान हलवा, आणि आत गेल्यावर पहिलं काय करायचंय ते एका वाक्यात सांगायचं. आदल्या दिवशी कोणाचं काही बिनसलं असेल तर त्याच्याशी दोन शब्द जास्त. बस. मुलं कामात गुंतलेली असण्याचा वेळ साधारण २० टक्के-बिंदूंनी वाढला आणि वर्गातली गडबड ९ टक्के-बिंदूंनी कमी झाली.

१० वर्ग म्हणजे फार नाहीत, हे मीच सांगून टाकतो. पण खर्च बघा, शून्य रुपये आणि तीन मिनिटं. आणि त्यात गोडगोड काही नाहीये, "ये, बस, फळ्यावरचं गणित सुरू कर" एवढंच.

सूचनांबद्दलही बोलायचंय, पण ऑफिसात आहे. रात्री.

नवीनच_रुजू
मी मागच्या वर्षी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझंही स्वागत स्टेजवरून झालं होतं. उभं राहायला सांगितलं, टाळ्या, बसा. नंतर स्टाफरूममध्ये गेलो तर रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसलो, पाच मिनिटांनी कळलं ती एका सीनियर बाईंची गेल्या चौदा वर्षांची खुर्ची आहे. कोणी रागावलं नाही, पण सगळे असे थांबले ना एकदम. मग मी पूर्ण दिवस खिडकीत टेकून उभा.

मला शाळा खरी कोणी दाखवली असेल तर शिपाई मावशींनी. कपाटाची किल्ली कुठे, कोरे कागद कोणाकडे मागायचे, झेरॉक्स मशीन कुठल्या बाजूने थोपटलं की चालतं, कुठल्या सरांना सकाळी सकाळी काही विचारायचं नाही. "शाळा परिवार" म्हणताना मावशींचं नाव त्या माईकवरून कधी आलेलं मी ऐकलं नाही, एवढं मात्र खरं.

दोघांची_आई
+१. आणि मुलांना सगळ्यात आधी ओळखतात त्या मावशीच. माझ्या धाकट्याचं नाव वर्गशिक्षकांना पाठ व्हायला महिना लागला, मावशींना दुसऱ्या दिवशी.

चष्मिष
नावावरून आठवलं, शिक्षकाची अपेक्षा जशी तसं मूल घडतं असा एक प्रसिद्ध प्रयोग आहे ना, रोझेंथल आणि जेकबसन यांचा, १९६८. शिक्षकांना सांगितलं की ही ही मुलं यंदा चमकणार, खरं तर नावं चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडलेली, आणि वर्षाअखेर ती मुलं खरंच पुढे गेली. म्हणजे पहिल्या दिवशी आपण मुलाकडे कसं बघतो त्यावर सगळं ठरतं!

आकडेमोड
@चष्मिष सगळं ठरतं असं नाही हो. त्या प्रयोगात शाळेतल्या साधारण पाचातल्या एका मुलाला असं "चमकणार" ठरवलं होतं हे बरोबर, पण फरक दिसला तो मुख्यतः पहिली-दुसरीच्या मुलांत. वरच्या वर्गांत फारसा नाही. आणि त्यावरून पुढे संशोधकांत भरपूर वादही झाले. माध्यमिकच्या शिक्षकाने एका नजरेने मूल घडवायचं ओझं घ्यायचं कारण नाही.

आता सूचनांचं. हर्मन एबिंगहाउस म्हणून जर्मन माणूस होता, १८८५ मध्ये त्याने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, मग ठरावीक वेळाने परत पाठ करायची आणि किती कष्ट वाचले ते मोजायचं. एका दिवसानंतर वाचलेले कष्ट जेमतेम एक तृतीयांश. आता तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता, आपल्या सूचनांना अर्थ असतो, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावू नका. पण पहिल्या दिवशी नवीन पोराच्या दृष्टीने "तळमजल्याच्या पश्चिम पॅसेजमधून प्रयोगशाळेकडे जाताना डावीकडचा जिना वापरू नये" हे निरर्थक अक्षरांपेक्षा फार वेगळं नसतं. त्याला पश्चिम कुठे तेच माहीत नाही. तीस सूचना एकदम देण्यापेक्षा पहिल्या दिवशी चार, मग रोज दोन दोन, आणि आधीच्या परत विचारायच्या.

चष्मिष
ओके, पहिली-दुसरीचं माहीत नव्हतं. धन्यवाद. सगळीकडे फॉरवर्डमध्ये ते अर्धंच येतं.

नववीतला_एक
मी विद्यार्थी आहे, आईच्या अकाउंटवरून नाही, स्वतःच्याच. लिहू का? लिहितोच.

१. प्लीज उभं करून ओळख सांगायला लावू नका. नाव, छंद, मोठेपणी कोण होणार. आठ विषय म्हणजे आठ वेळा. तिसऱ्या तासाला सगळ्यांचा छंद वाचन होतो.

२. सुट्टीत कुठे गेला होतात हा निबंध नको. आमच्या वर्गात एक जण सुट्टीभर दुकानात काम करत होता, त्याने मागच्या वर्षी पूर्ण खोटं लिहिलं, समुद्र वगैरे, आणि सरांनी तेच मोठ्याने वाचून दाखवलं कारण छान होतं. तो पुढे आठवडाभर कोणाशी नीट बोलत नव्हता.

३. हजेरी. माझं नाव जरा वेगळं आहे, इथे सांगत नाही. पाचवीत पहिल्या दिवशी चुकीचं वाचलं गेलं, वर्ग हसला, आणि तेच नाव पडलं ते अजून आहे. वाचण्याआधी शिक्षकांनी नुसतं विचारलं असतं ना की हे कसं म्हणायचं.

४. आम्हाला कंटाळा येतो असं नाहीये. मला खरं तर पहिला दिवस आवडतो. नवीन वहीचं पहिलं पान मी फार नीट लिहितो. तिसऱ्या पानापासून परत तेच अक्षर.

खडूवाली
नववीतल्या, तुझ्या तीन नंबरने माझी झोप उडवली. मी हजेरी सरळ वाचत जाते. किती जणांची नावं मी अशी पाडली असतील कोण जाणे. या वर्षी आधी यादी वर्गात फिरवते, ज्याने त्याने आपल्या नावापुढे खूण करायची आणि उच्चार वेगळा असेल तर सांगायचा. मग हजेरी.

दोन नंबर आमच्या मराठीच्या बाईंना दाखवणार आहे, तुझं नाव न घेता (मला माहीतही नाही).

घासून_पुसून
पोरगं लिहितं छान. हजेरीचं मला पटलं, ते मान्य. मलाही एक नाव पडलं होतं, चाळीस वर्षं झाली, शाळेचे मित्र भेटले की अजून त्याच नावाने हाक मारतात.

मागचा_बाक
काय नाव होतं?

घासून_पुसून
सांगणार नाही.

रात्रपाळी
नर्स आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा. सुट्टीत या वयाची मुलं रात्री एक-दोनला झोपतात आणि अकराला उठतात आणि आपण म्हणतो आळशी. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये हेच सांगितलंय. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच म्हणलं होतं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू झाला.

आपल्या हातात शाळेची वेळ नाही. पण पालकांना आठवडाभर आधी एक मेसेज जाऊ शकतो, रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर उठवा, उठल्यावर खिडकीशी किंवा बाहेर उजेडात बसवा, रात्री फोन खोलीबाहेर. आदल्या रात्री "आज नऊला झोप" म्हणलं तर झोप येतच नाही, पोर बारापर्यंत छताकडे बघत उद्याचा विचार करतं. आणि शिक्षकांना विनंती की पहिल्या आठवड्यात पहिल्या तासाला डुलकी काढणाऱ्याला उद्धट समजू नका. तो अजून सुट्टीच्या घड्याळावर आहे.

लायब्ररीतला_कोपरा
शाळेची लायब्ररी सांभाळतो. आम्ही दोन वर्षं एक गोष्ट करतोय, सांगतो. वर्ष संपताना मुलांना एक कोरा कागद देतो, पुढच्या वर्षी तुझ्या बाकावर जो कोणी बसेल त्याला चार ओळी लिही. नाव घालायचं नाही. शुद्धलेखन तपासायचं नाही, ही अट मी भाषेच्या शिक्षकांकडून तोंडी कबूल करून घेतली. मी एकदा वाचून फक्त काही वाईटसाईट नाही ना एवढं बघतो. पहिल्या दिवशी प्रत्येक बाकावर एक कागद.

काय काय लिहितात. "या बाकाचा डावा पाय हलतो, कागदाची घडी ठेव." "इतिहासाच्या सरांचा आवाज मोठा आहे पण ते रागावलेले नसतात, आवाजच तसा आहे." "पहिल्या महिन्यात मला वाटलं मला कोणी मित्र मिळणार नाही, मग चित्रकलेच्या तासाला मिळाला." ही शेवटची चिठ्ठी ज्या मुलीला मिळाली तिने ती कंपासपेटीत चिकटवून ठेवली होती, वर्षाच्या शेवटी पुस्तक परत करताना कंपास उघडली तेव्हा मला दिसली.

आकडेमोड
@लायब्ररीतला_कोपरा तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही जे करताय त्याच्या अगदी जवळ जाणारा मोठा प्रयोग झालाय. अमेरिकेत मॅडिसन शहरात, ११ मिडल स्कूल, सहावीचे १,३०४ विद्यार्थी, जेफ्री बोर्मन आणि सहकारी, २०१९. शाळा सुरू झाल्यावर मुलांना आधीच्या वर्षीच्या मुलांचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आम्हालाही भीती वाटली, आपण इथले नाही असं वाटलं, मग हळूहळू जमलं. आणि त्यावर स्वतःचं थोडं लिहायचं. असे दोनच छोटे लेखनाचे तास. दुसऱ्या गटाला तेवढंच लिखाण पण भलत्याच विषयावर. वर्षभरात पहिल्या गटात शिस्तभंगाच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी आणि नापासाचे शेरे १८ टक्क्यांनी कमी.

मला त्यात आवडलेली गोष्ट ही की "घाबरू नका" असं कुठेच सांगितलेलं नाही. सगळेच घाबरतात आणि ते जातं, एवढंच, आणि तेही मोठ्या माणसाच्या तोंडून नाही.

लायब्ररीतला_कोपरा
खरंच माहीत नव्हतं. आम्ही आपलं बाकांचे पाय हलतात म्हणून सुरू केलं होतं.

एक_पालक_
नवीन आयडी काढून लिहितोय, नेहमीच्या आयडीने लिहायची हिंमत नाही. वर सगळे नवीन मुलांबद्दल बोलताय. माझा मुलगा नवीन नाही. तो त्याच वर्गात परत बसणार आहे. त्याचे मित्र वरच्या वर्गात आणि तो खालून आलेल्या मुलांबरोबर. मागच्या आठवड्यात यादी लागलीय का बघायला शाळेत गेलो होतो, मागच्या वर्षीची जुनी यादी अजून नोटीस बोर्डवर होती, त्यात दोघांच्या नावापुढे लाल पेनने "रि" लिहिलेलं. रिपीटर. माझ्या मुलानेही ते बघितलं. काही बोलला नाही. घरी येऊन दप्तर कपाटाच्या वर टाकून ठेवलं.

त्याचं स्वागत कसं करतात, कोणाला माहीत असेल तर सांगा.

जुनाजाणता
दादा, आधी एक सांगतो, तो "रि" मीही लिहिलेला आहे. ऑफिसच्या सोयीसाठी लिहितो आपण आणि तीच यादी तशीच बोर्डावर जाते. आज वाचून वाईट वाटलं.

करायचं म्हणाल तर: शाळा उघडायच्या आधी वर्गशिक्षकांना मुलासकट एकदा भेटा, सगळ्यांसमोर नाही, दहा मिनिटं. शक्य असेल तर तुकडी बदलून मागा, म्हणजे तेच शिक्षक, तीच खिडकी, तोच बाक असं होणार नाही. पण हे मुलाला विचारून, काहींना उलट ओळखीचीच तुकडी हवी असते. जुन्या मित्रांबरोबर मधली सुट्टी एकत्र असेल याची खात्री त्याला द्या, त्याला सगळ्यात मोठी भीती तीच असते. शिक्षकांनी एक वाक्य टाळावं, "तुला काय, तुझं तर सगळं झालेलंच आहे". ते कौतुक म्हणून म्हणलं जातं आणि थोबाडीत बसतं. आणि नापास झालेला विषय सोडून ज्यात तो बरा आहे असं एक काम त्याला पहिल्याच आठवड्यात मिळू द्या. दया म्हणून नव्हे, खरं काम. माझ्याकडे असा एक मुलगा साउंड सिस्टीम सांभाळायचा. त्याच्याशिवाय आमचा माईक सुरू होत नसे, शब्दशः.

नववीतला_एक
@एक_पालक_ काका, माझा एक मित्र तसा आहे. आम्ही त्याला काही विचारत नाही, नेहमीसारखंच बोलतो. तेच त्याला बरं वाटतं असं मला वाटतं. त्याने वरच्या वर्गातल्यांबरोबर खेळायला आलं तर कोणी काही म्हणत नाही.

एक_पालक_
धन्यवाद सर. धन्यवाद बाळा.

खडूवाली
मंडळी, अपडेट. काल पहिला दिवस झाला, लिहायला आज वेळ मिळाला.

सर गेटवर उभे राहिले! जुनाजाणता सर, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, लगेच हो म्हणाले, वर म्हणाले मलाही तेच वाटत होतं. भाषण मात्र बावीस मिनिटं झालं. पण सावलीत झालं, आणि सत्कार पुढे ढकलला. बावीस मिनिटांत त्यांनी शिपाई मावशी, लॅब असिस्टंट आणि नवीन दोन शिक्षक यांची नावं घेतली. मावशी मागे झाडू घेऊन उभ्या होत्या, नाव ऐकल्यावर झाडू भिंतीला लावला आणि पदर सारखा केला.

फसलेलं आधी सांगते. बाकांवर चिठ्ठ्या ठेवायच्या तर मागच्या वर्षी आम्ही लिहून घेतल्याच नव्हत्या, म्हणून नववीतल्या मुलांना आदल्या दिवशी बोलावून आठवीसाठी लिहून घेतल्या. घाईघाईत झालं, निम्म्यांनी "बेस्ट ऑफ लक" एवढंच लिहिलं. एकाने लिहिलं "पळा". ती मी काढणार होते, मग राहू दिली, ज्याला मिळाली तो सगळ्यात जास्त हसला. दुसरं, पंखा बंद पडला. तिसरं, आदल्या दिवशी पालकांना पाठवलेल्या मेसेजमध्ये सुटण्याची वेळ मीच चुकीची टाकली होती, अर्धा तास आधीची, त्यामुळे गेटवर गर्दी आणि शिव्या. दोघांची_आई, तुमची आठवण आली.

दारात उभी राहिले. त्रेपन्न मुलं. यादी हातात होती, नावं पाठ नव्हती, प्रत्येकाला "नाव कसं म्हणायचं?" विचारून खूण करत गेले. मला वाटलं होतं तीन मिनिटं लागतील, अकरा लागली, पहिल्याच दिवशी असल्यामुळे. चार जणांचं नाव मी मनात चुकीचं वाचत होते. एक मुलगी म्हणाली, टीचर, पाचवीपासून सगळे चुकीचं म्हणतात, मी आता तसंच चालवून घेते. तिला म्हणलं, यंदा नको चालवून घेऊस.

यादी ऑफिसमधून येतानाच लाल पेनच्या खुणा घेऊन आली होती. मी दुसरी प्रत स्वतः लिहिली आणि ती बोर्डावर लावली. क्लार्क काका म्हणाले कशाला डबल काम. पण पुढच्या वर्गांच्या याद्याही आता कोऱ्या जाणार आहेत, त्यांनीच सांगितलं संध्याकाळी.

सूचना चारच दिल्या: टॉयलेट, पाणी, वाट चुकली तर दार वाजवून आत यायचं, आणि मी मधल्या सुट्टीत कुठे सापडेन. बाकी रोज दोन.

मागचा_बाक
मागच्या वर्षीचा तो मुलगा? रांगेतला?

खडूवाली
नववीत आहे, माझ्या वर्गात नाही. दिसला पॅसेजमध्ये, मित्रांच्या घोळक्यात, मी हसले, त्याने ओळखल्यासारखं केलं की नाही कळलं नाही. त्याला ते आठवतही नसेल कदाचित. मलाच आठवतंय. नाव मात्र आता माहीत आहे.

नवीनच_रुजू
यंदाच्या नवीन दोघांना खुर्च्या मिळाल्या का?

खडूवाली
मिळाल्या. आधीच नावं चिकटवून ठेवली होती. एकाचं आडनाव चुकलं. :(

रात्रपाळी
छान झालं ताई. दुसऱ्या दिवशी हजेरी किती? पहिल्या दिवशी हौसेने सगळे येतात.

खडूवाली
आज दोन गैरहजर. एकाच्या घरी फोन केला तर तो झोपलेला होता, आईने तिथेच उठवून फोन दिला, "येतो टीचर" म्हणाला आणि तिसऱ्या तासाला खरंच आला. दुसरी, काल शेवटच्या बाकावर बसलेली, तिचा नंबर लागत नाहीये, स्विच ऑफ. तिच्या इमारतीत राहणारी एक मुलगी सातवीत आहे असं मावशींनी सांगितलंय, उद्या परिपाठ झाला की तिला गाठते.